ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर : अर्बुद, दाह आणि सुप्त क्षय

१९७५ साली कार्सवेल, ओल्ड व सहकाऱ्यांनी उंदरांतील अर्बुदे मृत करणाऱ्या रक्तद्रवातील घटकास ‘ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर’ म्हणजेच टीएनएफ हे नाव दिले. नाव काहीसे फसवेच. प्रामुख्याने महाभक्षक पेशींतून स्रवणारे हे प्रथिन मुळात दाहाचे संदेशवाहक होय. दीर्घकालीन दाहात तर ते कर्करोगाच्या पेशींना जगण्यास साहाय्यही करते.

सातारा-सांगली परिसरात मात्र त्याचे आणखी एक कार्य विशेष महत्त्वाचे ठरते. पाचगणीचे बेल-एअर आणि मिरजेजवळील वानलेसवाडी येथील क्षयरोग आरोग्यधामे या रोगाच्या येथील जुन्या वास्तव्याची साक्ष देतात. क्षयाचा संसर्ग झालेल्या बहुतेकांना रोग होत नाही. प्रतिकारपेशी जंतूंभोवती कडे करतात आणि टीएनएफ ते कडे टिकवून धरते. संधिवातावरील इन्फ्लिक्सिमॅबसारखी औषधे नेमके टीएनएफच निष्प्रभ करतात. सांध्यांची सूज उतरते, परंतु कडे ढासळून सुप्त क्षय जागृत होऊ शकतो. २००१ मध्ये हे औषध घेतलेल्या ७० क्षयरुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. त्यांपैकी ४० जणांत रोग फुप्फुसाबाहेर होता. म्हणूनच उपचारापूर्वी केवळ छातीचा एक्स-रे पुरेसा मानला जात नाही. त्वचेची वा रक्ताची चाचणी करून, सुप्त संसर्ग आढळल्यास क्षयप्रतिबंधक औषधे आधी सुरू केली जातात.