गल्ल्याची किल्ली आणि संगणकाचा पासवर्ड

सक्करदऱ्याच्या बाजारात आम्ही कापडवाले गल्ल्याची किल्ली कुणाच्याही हाती देत नाही. मग संगणकाचा एकच पासवर्ड मालक, मुनीम आणि पोऱ्या या तिघांना का असावा?

युनिक्स वा लिनक्सवर चालणाऱ्या संगणकात प्रत्येक माणसाचे खाते एका फाइलीत, एका ओळीत असते : नाव, क्रमांक, गट, त्याच्या फाइलींची जागा. ही फाइल सर्वांना वाचता येते. पूर्वी पासवर्डची सांकेतिक छापही तिथेच असे. युनिक्सच्या जनकांपैकी केन थॉम्पसन यांचा जुना पासवर्ड २०१९ साली अशाच जुन्या फाइलीतून उलगडला गेला. आता ही छाप 'शॅडो' नावाच्या वेगळ्या फाइलीत असते. सामान्य वापरणाऱ्याला ती उघडता येत नाही.

नोकर काम सोडून गेला की त्याचे खाते पुसू नये, त्याला कुलूप लावावे. कारण फाइलींची मालकी नावावर नव्हे, क्रमांकावर असते. पुसलेला क्रमांक नव्या माणसाला मिळाला, तर जुन्याच्या उरलेल्या फाइली त्याच्या होतात.

तेव्हा व्यापारी बंधूंनो, प्रत्येकाला वेगळे खाते द्या. हिशेब ही अमानत आहे. कोणी काय लिहिले, हे नावानिशी कळले पाहिजे.