काट्यावर तोललेले विमान

झवेरी बाजारात सोने तोलण्याचा जो इलेक्ट्रॉनिक काटा वापरतात, तसाच एक काटा गिरगावातील आमच्या घरी स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवलेला असतो. त्यावर तोलले जाते ते लाकूड, आणि तेही इतके हलके की फुंकर मारली तर उडून जावे. हे लाकूड बाल्सा. ते मुख्यतः दक्षिण अमेरिकेतील इक्वेडोर देशातून येते आणि सागवानाच्या साधारण चौथ्या हिश्श्याइतके भरते. माझा पुतण्या या लाकडापासून रेडिओ-नियंत्रित विमाने बांधतो. प्रत्येक फासळी, प्रत्येक स्क्रू काट्यावर ठेवून त्याचे वजन वहीत उतरवतो. आमच्या कापडाच्या पेढीवर इतका चोख जमाखर्च राहिला असता तर तीर्थरूपांना समाधान वाटले असते!

विमान आणि गिरगाव यांचे नाव एकत्र घेतले की कोणीतरी शिवकर बापूजी तळपदे यांची आठवण काढतोच. त्यांनी 1895 साली चौपाटीवर विमान उडवल्याची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. परंतु त्या उड्डाणाचा विश्वासार्ह समकालीन पुरावा पुढे आलेला नाही. ज्या वैमानिक शास्त्राचा आधार या संदर्भात सांगितला जातो, त्यातील विमाने उडू शकणार नाहीत, असा निष्कर्ष बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी 1974 साली मांडला. आपल्या समाजाला अभिमान वाटावा अशी याहून पक्की गोष्ट उपलब्ध असताना त्या कथेवर भिस्त ठेवण्याचे कारण नाही. सोलापूरच्या दिगंबर जैन व्यापारी घराण्यातील शेठ वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर 1940 मध्ये बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी स्थापन केली. देशातील तो पहिला विमान कारखाना. विल्यम पॉली या अमेरिकन विमान व्यावसायिकाशी त्यांची गाठ 1939 साली विमानप्रवासातच पडली होती आणि म्हैसूर सरकार भागीदार झाले. 1941 मध्ये तेथे जुळवलेले हार्लो हे प्रशिक्षण विमान आकाशात गेले. पुढे युद्धकाळात सरकारने कारखाना ताब्यात घेतला.

पुतण्याला बांधायचे होते ते हार्लोच. आमचे कूळही सोलापूरचे, त्यामुळे घरात सर्वांनी मान डोलावली. ज्या मंडळात तो जातो तेथील ज्येष्ठांनी मात्र त्याला थांबवले. हार्लोचे पंख धडाच्या खालच्या अंगाला आणि चाके उड्डाणात आत ओढली जाणारी. पहिल्या प्रतिकृतीसाठी हे अवघड काम. त्यांनी सुचवले पस मॉथ. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा ज्या विमानातून कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, ते हेच. पंख धडाच्या वर असल्यामुळे स्वभावाने शांत. शिवाय मूळ विमानाचे पंख मागे दुमडता येत असत, हे ऐकून आमच्या दोन खोल्यांच्या घराला विशेष आनंद झाला.

प्रतिकृती किती मोठी करावी, हा प्रश्न हौसेचा वाटतो; प्रत्यक्षात तो हिशेबाचा आहे. मूळ पस मॉथच्या पंखांचा विस्तार 11.2 मीटर आणि भरलेले वजन सुमारे 930 किलो. एक-अष्टमांश प्रमाण घेतले तर लांबी आठपटीने घटते, पंखांचे क्षेत्रफळ चौसष्टपटीने आणि वजन पाचशे बारापटीने. म्हणजे विस्तार 1.4 मीटर आणि वजन 1.8 किलोच्या आसपास. एक-षष्ठांश प्रमाण घेतले तर तेच वजन 4.3 किलोवर जाते. हा फरक कायद्यालाही ठाऊक आहे. ड्रोन नियम 2021 प्रमाणे 250 ग्रॅमच्या वर आणि 2 किलोपर्यंतचे मानवरहित विमान ‘मायक्रो’ वर्गात मोडते आणि ते धंद्यासाठी नव्हे तर हौसेसाठी उडवायचे असेल तर वैमानिकाचा परवाना लागत नाही. 2 किलोच्या वर गेलात की व्याप वाढतो. म्हणून एक-अष्टमांश, आणि म्हणून ओट्यावरचा तो काटा.

बांधणीचे काम चातुर्मासात. यात धर्मबुद्धी किती आणि सोय किती, हे सांगणे कठीण. पावसात मैदाने चिखलाने भरतात, गवतात जीवजंतू असतात, साधूंचा विहार थांबतो. विमानेही जमिनीवर राहतात. घरच्या आचाराचा प्रश्न सामानाच्या बाबतीत प्रथमच उभा राहिला. पूर्वी प्रतिकृतींच्या पंखांवर रेशमी कापड ताणून त्यावर लेप देत. रेशीम म्हणजे कोशातील किड्याचा जीव. आजींनी ते उंबऱ्याच्या आत येऊ दिले नसते. आता उष्णतेने आकसणारी पॉलिएस्टरची पातळ फिल्म मिळते, इस्त्री फिरवली की ती ढोलकीच्या पानासारखी ताणली जाते. डिंकाचेही तसेच. जुने सुतार जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला सरस वापरत. 1959 साली बळवंत पारेख यांच्या फेव्हिकॉलने त्याची जागा घेण्यास सुरुवात केली. पारेख हे महुव्याच्या जैन कुटुंबातले, हे पुष्कळांना ठाऊक नसते. इंजिनाच्या विमानांचे इंधन मिथेनॉल आणि एरंडेल तेलाचे. आमचे विमान बॅटरीवर चालत असल्याने ती चिकट तेलकटी घरात आली नाही.

धड उभे राहिले, पण नाकाचा वरचा गोलावा साधेना. शेवटी लालबागच्या एका मखर करणाऱ्या कारागिराने तापलेल्या तारेने थर्माकोलचा साचा दहा मिनिटांत कापून दिला. पिढ्यान्पिढ्या गणपतीची आरास करणारा तो हात; विमानाला तो नवखा नव्हता असेच म्हणावे लागेल.

आता उडवायचे कोठे? शहरात नाही, याचे उत्तर आधीच ठरलेले. मुंबई पोलीस वेळोवेळी आदेश काढून ड्रोन, रिमोटवर चालणारी छोटी विमाने, पॅराग्लायडर यांच्या उड्डाणास मनाई करतात. विमानतळ आणि नौदलाचा परिसर निराळाच. त्यामुळे रविवारी पहाटे पंख जुन्या चादरीत गुंडाळून मध्य रेल्वेची लोकल धरायची आणि कर्जतच्या बाजूच्या एका माळावर, नकाशावर हिरवा पट्टा पाहून आणि जागामालकाला विचारून, जायचे. एक तासाच्या उड्डाणासाठी पाच तासांचा प्रवास. व्यापारी बुद्धीला हा व्यवहार पटत नाही. मी मात्र दर खेपेस बरोबर जातो.

कार्तिकी पौर्णिमेनंतर पस मॉथ प्रथम उडाले. गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या साधारण पाव अंतरावर आणला होता. शेपूट जड झाले असते तर विमान हाती राहिले नसते. ते अलगद उचलले गेले. चंदेरी पंखावर ऊन पडले आणि क्षणभर त्याचा आकार किती हे कळेना. खरे विमान दूरवर जात आहे असे वाटले. प्रतिकृती बांधणारे ज्यासाठी महिने घालवतात, तो क्षण बहुधा हाच.

चौथ्या रविवारी मात्र घार आली. हे पक्षी उष्ण हवेच्या झोतावर घिरट्या घालतात आणि घरट्याच्या काळात आपल्या हद्दीत कोणी शिरलेले त्यांना खपत नाही. पुतण्या एवढेच म्हणाला, “काका, घार.” ती वरून पंख मिटून थेट विमानावर उतरू लागली. पुढे फिरणारे पाते मिनिटाला हजारो फेरे घेत होते. त्याने मोटर बंद केली आणि विमान खाली, तिच्या वाटेतून बाजूला वळवले. उंची थोडीच होती. बंद मोटरने विमान सावरले नाही. बाभळीवर आदळून डावा पंख तुटला. घार एक चक्कर मारून निघून गेली.

चार महिन्यांचे काम चादरीत गोळा करून आम्ही परत आलो. आजींनी पहिला प्रश्न विचारला तो पक्ष्याबद्दल. पुतण्या त्या रात्री काही बोलला नाही. मोटर चालू ठेवली असती तर विमान वाचले असते, हे त्याला आणि मला दोघांनाही माहीत होते.

मंडळात यावर वाद झाला. एका गृहस्थांचे म्हणणे, घारी स्वतःच बाजूला होतात, इतके घाबरण्याचे कारण नाही. त्यांचा अनुभव खरा असेल. तरी शेवटी ठरले ते असे की घार दृष्टीस असेपर्यंत कोणी उड्डाण करणार नाही आणि हवेत विमान असताना दुसरा एक जण केवळ पक्ष्यांवर नजर ठेवेल. हल्ली ते काम माझ्याकडे असते. मान अवघडते, पण घार आणि ससाणा यांतला फरक आता मला शेपटीवरून कळतो.

डाव्या पंखाच्या अकरा फासळ्या पुन्हा कापल्या गेल्या. पूर्वी 1,790 ग्रॅम भरलेले विमान दुरुस्तीनंतर काट्यावर 1,846 ग्रॅम भरले. 2 किलोच्या मर्यादेला अजून 154 ग्रॅम शिल्लक आहेत. हार्लोचा आराखडा कपाटावर गुंडाळून ठेवला आहे. त्याची चाके आत ओढणारी यंत्रणा या शिलकीत बसेल का, याचा हिशेब सध्या वहीत चालू आहे.