वसतिगृहातले दिवस आणि माजी विद्यार्थ्यांचा निधी

बारावीचा निकाल लागला की आपल्या तालुक्यात घरोघरी एकच प्रश्न उभा राहतो. पोराला कोल्हापुरात ठेवायचे कोठे? गगनबावडा ते कोल्हापूर अंतर सुमारे ५५ किलोमीटर. एरवी एस.टी.ने जाऊन येता येते. पण पावसाळ्यात मांडुकलीला रस्त्यावर पाणी आले की आपण अलीकडे आणि कॉलेज पलीकडे. त्यामुळे आपल्या भागातील उच्च शिक्षणाचा इतिहास हा बराचसा वसतिगृहांचा इतिहास आहे. आम्ही स्वतः वसतिगृहात राहून बी.ए. झालो आणि आता बँकेच्या काउंटरवर बसून लोकांचे पैसे मोजतो. या दोन्ही अनुभवांतून जे कळले ते सभासद बंधुभगिनींपुढे आणि विद्यार्थ्यांपुढे ठेवीत आहोत.

कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढले. त्यानंतर जैन, मुस्लिम, लिंगायत अशा एकेका समाजाची वसतिगृहे उभी राहिली. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी १९०८ साली मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या कन्येचे नाव त्याला दिले होते. महाराजांची रीत अशी की जागा, इमारत, वार्षिक मदत दरबारने द्यावी आणि कारभार त्या त्या समाजाने पाहावा, वर्गणीही गोळा करावी. ज्या समाजात व्यापारी आणि जमीनदार होते त्यांना हे जमले. आपल्या समाजात वर्गणी मागायची कोणाकडे? शिकून पगार मिळवणारी पहिली पिढी अजून त्या बोर्डिंगच्या खोल्यांतच अभ्यास करीत होती. आमच्या मते खरा फरक इथे होता. इमारत दरबारकडून मिळाली, पण मागे उभा राहणारा माजी विद्यार्थी अजून तयार व्हायचा होता.

या बोर्डिंगची एक आठवण कर्मवीर भाऊराव पाटलांच्या चरित्रात येते. तेव्हा ते जैन बोर्डिंगमध्ये राहत. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला ते गेले आणि परतल्यावर आंघोळ करायला त्यांनी नकार दिला, म्हणून त्यांना बोर्डिंग सोडावे लागले असे सांगतात. पुढे १९२४ साली त्यांनी साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एकत्र ठेवणारे वसतिगृह काढले, तेव्हा मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने आणि शेवटी मंगळसूत्रही दिले. वसतिगृह म्हणजे इमारत नव्हे, दोन वेळचे जेवण, हे त्या माउलीला ठाऊक होते.

जेवणाचाच विषय निघाला म्हणून थोडे आमच्या दिवसांबद्दल. खोलीत चौघे, प्रत्येकाची एक पत्र्याची ट्रंक, एकच टेबल. ज्याची परीक्षा आधी त्याला टेबल, हा आमचा अलिखित कायदा. मेसचे बिल थकले की घरचा डबा. सकाळच्या एस.टी.त आई डबा ठेवी, कंडक्टरला सांगे, आणि आम्ही स्टँडवर जाऊन तो उतरवून घेत असू. झाकणावर ऑइलपेंटने नाव लिहिलेले असे. नाचणीची भाकरी, वांग्याची भाजी, कधी सुके बोंबील. रस्त्यावर पाणी आले की डबा यायचा नाही. अशा एका पावसाळ्यात सलग चार दिवस गाडी आली नाही. त्या चार दिवसांत शिरोळकडचा खोलीमित्र आम्हाला रोज त्याच्या ताटातली निम्मी भाकरी देत होता, आणि त्याबद्दल एक शब्दही बोलत नव्हता. आज तो कोठे आहे, माहीत नाही. त्या भाकरीची परतफेड त्याला करणे जमले नाही, ती आता दुसऱ्या कोणाला तरी करावी लागेल.

शासनाने काही केले नाही असे नाही. अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली, त्या वेळी बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद होते. ज्यांना शासकीय वसतिगृहात प्रवेश मिळत नाही त्यांच्यासाठी २०१६-१७ पासून स्वाधार योजना आहे. पण बँकेत बसून आम्ही पाहतो ते असे की शिष्यवृत्तीची रक्कम खात्यात यायला महिने लागतात, आणि मेसवाल्याला पैसे महिन्याच्या महिन्याला हवे असतात. मुले पासबुक भरायला येतात, छापलेले पान पाहतात आणि निमूटपणे निघून जातात. मुलींचे तर आणखी कठीण. सुरक्षित खोली मिळाली नाही की बाप म्हणतो, राहू दे शिक्षण. ही मधल्या तीन-चार महिन्यांची खिंड आहे, आणि बरीच मुले तिथेच गळतात.

आता थोडे परदेशाकडे पाहू. अमेरिकेतील कॉलेजांत विद्यार्थ्यांच्या ‘फ्रॅटर्निटी’ नावाच्या संघटना असतात. घटनेच्या सरनाम्यातील बंधुता तीच ही फ्रॅटर्निटी. सभासद बऱ्याच ठिकाणी एका घरात राहतात, एकत्र जेवतात, आणि निरनिराळ्या कॉलेजांत त्यांच्या शाखा असतात. पूर्वी या संघटना गोऱ्यांच्याच. न्यूयॉर्क राज्यातील कॉर्नेल विद्यापीठात त्या सुमारास शिकणाऱ्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांपैकी सहाजण पुढच्या वर्षी परत आलेच नाहीत. राहण्याची, अभ्यासाची, सोबतीची सोयच नव्हती. तेव्हा उरलेल्यांपैकी सात विद्यार्थ्यांनी ४ डिसेंबर १९०६ रोजी ‘अल्फा फाय अल्फा’ ही स्वतःची संघटना काढली. म्हणजे मिस क्लार्क बोर्डिंगच्या अवघी दोन वर्षे आधी, आणि दुखणेही जवळजवळ तेच.

तिथे घेण्यासारखी गोष्ट ही की कॉलेज संपले म्हणून सभासदत्व संपत नाही. पदवीधरांच्या निराळ्या शाखा असतात, ते वर्षाची वर्गणी भरतात, नव्या मुलांना मदत करतात. डॉ. मार्टिन ल्यूथर किंग याच संघटनेचे सभासद होते. त्यांचे वॉशिंग्टनमध्ये स्मारक व्हावे हा आग्रह या माजी विद्यार्थ्यांनीच धरला. १९९६ मध्ये परवानगी मिळाली, स्मारक २०११ मध्ये खुले झाले, आणि त्यासाठी सुमारे बारा कोटी डॉलर जमले. त्यात मोठ्या कंपन्यांचा पैसा होता हे खरे, पण पहिला दरवाजा ठोठावला तो सभासदांनी. तिथले सगळेच घ्यावे असे मात्र नाही. नवीन सभासदांचा छळ करण्याची वाईट चाल या संघटनांत आहे. आपल्याकडे रॅगिंगविरोधी कायदा १९९९ सालीच झाला, हे विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे.

आपल्याकडेही माजी विद्यार्थ्यांचे मेळावे होतात. अशाच एका मेळाव्याला आम्ही हजर होतो. हार-तुरे झाले, एकाने व्यासपीठावरून अकरा हजार जाहीर केले, दुसऱ्याने एकवीस हजार. टाळ्यांचा गजर झाला. वर्षाने हिशेब पाहिला तेव्हा जाहीर रकमेच्या निम्मीही आली नव्हती. जी आली तिची पाण्याची टाकी झाली, आणि टाकीवर देणगीदारांची संगमरवरी पाटी. त्या वर्षीही एका मुलाने मेसचे बिल न भरता आल्याने खोली सोडली. पैसे कोणी खाल्ले नव्हते. फक्त ज्याची गरज होती त्यासाठी ते आले नव्हते.

म्हणून आमचे मत असे की मोठ्या देणगीपेक्षा लहान, पण दरमहा येणारी रक्कम मोलाची. हिशेब सोपा आहे. साठ जणांनी दरमहा १०० रुपये दिले तर महिन्याला ६,००० आणि वर्षाला ७२,००० रुपये होतात. यातील अर्धे, म्हणजे ३६,०००, मुदत ठेवीत टाकावेत आणि त्या ठेवीला हात लावू नये. उरलेले ३६,००० बिनव्याजी उसने म्हणून मुलांना मेससाठी द्यावेत आणि शिष्यवृत्ती आली की परत घ्यावेत. तोच रुपया पुन्हा फिरतो. खाते निराळे असावे, दोन सह्यांशिवाय पैसे निघू नयेत, आणि दर तिमाहीच्या बैठकीत पासबुक मोठ्याने वाचावे. मदत घेणाऱ्या मुलाचे नाव मात्र वाचू नये. आमच्या शिरोळच्या मित्राने भाकरी दिली तशी ती गुपचूप द्यावी.

आयकराबद्दल काहीजण विचारतात. संस्थेला ८० जी ची मान्यता असेल तर सवलत मिळते, पण नव्या करप्रणालीत ती नाही, आणि २,००० रुपयांवरची रोख देणगी धरली जात नाही. शंभर रुपयांसाठी हा खल कशाला, असे आम्हाला वाटते.

नागपूरला १५ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी उत्पन्नाचा विसावा भाग धम्मकार्यासाठी देण्यास सांगितले होते. त्याच वर्षी आग्र्यात, शिकलेल्यांनी आपली निराशा केली, ही खंत त्यांनी बोलून दाखवली. आम्ही राखीव जागेवर नोकरीला लागलो. ते भाषण वाचताना आम्हाला मान वर करता येत नाही. विसावा भाग दूरच, शंभर रुपये म्हणजे आमच्या पगाराचा शंभरावा भागही नव्हे.

पगार एक तारखेच्या आसपास जमा होतो, म्हणून कपातीची तारीख पाच ठेवावी असे आम्ही कार्यकारिणीला सुचवले आहे. तोपर्यंत हप्ते आणि उधारी सुरू झालेली नसते. बँकेला एकदा लेखी सूचना दिली की दरमहा रक्कम आपोआप वळती होते. फॉर्म कसा भरायचा ते समजावून द्यायला आम्ही तयार आहोत. येताना पासबुक आणावे, आणि फॉर्मवरची सही खात्यावर असते तशीच करावी. बरेच फॉर्म तेवढ्यासाठीच परत येतात.