वाय-फायवरून भ्रमणध्वनी : तत्त्व, मांडणी आणि मर्यादा

३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीस केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशी भ्रमणध्वनीवरून संभाषण केले आणि भारतात या साधनाचा प्रारंभ झाला. त्यानंतरच्या काळात उपकरणांचे रूप पालटले, दर उतरले, आणि मूठभरांच्या हाती असलेले यंत्र बहुतेक प्रत्येक घरात पोहोचले. परंतु एक बाब दीर्घकाळ तशीच राहिली. हातातील यंत्र आणि जवळचा एखादा मनोरा यांच्यातील रेडिओलहरींचा दुवा शाबूत असल्याखेरीज बोलणे होत नसे.

हा दुवा कोठे तुटतो हे बहुतेकांनी अनुभवलेले असते. रेडिओलहरी लाकूड, विटा यांच्यातून बऱ्याच अंशी पार होतात. पण पोलादी सळयांनी भरलेले काँक्रीट, धातूचा पातळ लेप दिलेल्या आधुनिक काचा आणि जमिनीखालील तळघरे त्यांना अडवितात. डोंगराळ प्रदेशात मनोरा एका खोऱ्यात आणि वस्ती दुसऱ्या खोऱ्यात असली की मधला डोंगर तेच काम करतो. मौज अशी की, ज्या खोलीत भ्रमणध्वनी मुका होतो त्याच खोलीत पुष्कळदा काचतंतूच्या तारेने वेगवान इंटरनेट आलेले असते. ग्रामपंचायतींपर्यंत अशा तारा नेण्याची योजना केंद्र सरकारने २०११ साली मंजूर केली. पुढे ती ‘भारतनेट’ या नावाने ओळखली जाऊ लागली. त्यामुळे तार पोहोचली आहे पण मनोऱ्याची लहर पोहोचत नाही, अशी ठिकाणे केवळ शहरांतच आहेत असे नाही. धरण उशाशी आणि कोरड घशाशी, असाच हा प्रकार होय.

ही विसंगती दूर करण्यासाठी जी सोय निघाली तिला ‘वाय-फाय कॉलिंग’ म्हणतात. तिचे तत्त्व ध्यानात घेतले म्हणजे ती कशी सुरू करावी हे तर कळतेच. शिवाय तिच्यावर कोठे विसंबावे आणि कोठे विसंबू नये, हेही कळते. हे दुसरे ज्ञान अधिक महत्त्वाचे आहे.

क्रमांक तोच, वाट निराळी

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. व्हॉट्सअ‍ॅपसारख्या साधनाने इंटरनेटवरून बोलता येते, हे सर्वांस ठाऊक आहे. तेथे दोन्ही बाजूंच्या व्यक्तींपाशी तेच साधन असावे लागते. वाय-फाय कॉलिंगमध्ये तशी अट नसते. आपण नेहमीच्याच पटलावर क्रमांक दाबतो. पलीकडे आपलाच नेहमीचा क्रमांक उमटतो. पलीकडच्या व्यक्तीजवळ साधा, जुना दूरध्वनी असला तरी चालते. बदल होतो तो फक्त पहिल्या टप्प्यात. आपला आवाज मनोऱ्याकडे न जाता घरातील राउटरकडे जातो, तेथून इंटरनेटच्या मार्गाने आपल्या दूरध्वनी-कंपनीच्या यंत्रणेपाशी पोहोचतो, आणि त्यापुढे नेहमीच्या वाटेला लागतो.

भारतात यासाठी आधी नियमांत बदल व्हावा लागला. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ऑक्टोबर २०१७ मध्ये इंटरनेट दूरध्वनीसंबंधी शिफारशी केल्या आणि २०१८ साली दूरसंचार विभागाने परवान्यांच्या अटींत त्यानुसार सुधारणा केली. त्यायोगे कंपनीस आपल्या ग्राहकाचा कॉल दुसऱ्या कोणाच्याही इंटरनेट-जोडणीवरून स्वीकारण्याची मुभा मिळाली. डिसेंबर २०१९ मध्ये एअरटेलने आणि जानेवारी २०२० मध्ये जिओने ही सेवा सुरू केली. देशातल्या देशात अशा कॉलला सामान्यतः नेहमीच्या कॉलप्रमाणेच आकार लागतो. परदेशातून वाय-फायवर बोलताना मात्र आकारणीचे नियम कंपनीगणिक निराळे असतात. तेव्हा प्रवासापूर्वी ते पाहून घेणे इष्ट.

आवाजाचा प्रवास

सोय चालू केल्यावर फोन सर्वप्रथम इंटरनेटवरून आपल्या कंपनीचे प्रवेशद्वार शोधतो. या दाराशी ओळख पटवावी लागते, आणि ती पटविण्याचे काम सिम कार्ड करते. प्रत्येक सिममध्ये एक गुप्त अंक कोरलेला असतो. त्याची दुसरी प्रत केवळ कंपनीपाशी असते. कंपनी एक यादृच्छिक संख्या पाठविते, सिम त्या संख्येवर गुप्त अंकाच्या साहाय्याने गणित करून उत्तर धाडते, आणि कंपनी स्वतःही तेच गणित करून उत्तर ताडून पाहते. खुद्द गुप्त अंक सिमच्या बाहेर कधीच पडत नाही. ओळख पटली की फोन व प्रवेशद्वार यांच्यामध्ये सांकेतिक लिपीचा जणू एक बोगदा तयार होतो. या बोगद्यातून जाणारे बोलणे वाटेवरच्या राउटरच्या मालकास ऐकता येत नाही. हे संरक्षण प्रवेशद्वारापर्यंतच असते. पुढे कॉल इतर कॉलसारखाच असतो.

आता आवाजाचे काय होते ते पाहू. फोन आवाजाचे वीस-वीस मिलिसेकंदांचे तुकडे करतो. प्रत्येक तुकड्याचे अंकांत रूपांतर होते आणि तो एका लहानशा पाकिटात बंद होऊन निघतो. म्हणजे सेकंदाला पन्नास पाकिटे. जुन्या दूरध्वनीत ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढ्याच कंपनसंख्येचा आवाज जात असे. या नव्या पद्धतीत सामान्यतः ५० ते ७,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज जाऊ शकतो, म्हणून दोन्ही टोकांना योग्य साधने असल्यास ‘स’ आणि ‘श’ यांतील भेद स्पष्ट ऐकू येतो. वाटेतील सर्व वेष्टणांचे ओझे धरूनही एका दिशेने सेकंदाला साधारण साठ-सत्तर किलोबिट माहिती पुरते. चित्रपट पाहण्यास लागणाऱ्या वेगाच्या मानाने ही मागणी अगदीच किरकोळ आहे.

मग एवढ्या वेगवान जोडणीवरही आवाज तुटतो तो का? कारण संभाषणास वेगापेक्षा नियमितपणा अधिक लागतो. चित्रपटाची पाकिटे उशिरा आली तर यंत्र आधीच साठविलेल्या भागावर वेळ निभावून नेते. बोलण्यात साठा करता येत नाही. एका बाजूचा शब्द दुसऱ्या बाजूस साधारण १५० मिलिसेकंदांच्या आत पोहोचावा, असे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेचे मार्गदर्शन आहे. विलंब फार वाढला की दोघे एकदम बोलू लागतात आणि एकदमच थांबतात. उशिरा आलेले पाकीट टाकूनच द्यावे लागते, आणि तेथे शब्दात भोक पडते.

सोय सुरू करण्याची रीत

तीन गोष्टींची आवश्यकता असते : सोय असलेला स्मार्टफोन, ती देणारी कंपनी, आणि बऱ्यापैकी वाय-फाय. फोनचे नमुने कंपन्या तपासून मान्य करतात. म्हणून नवीन फोनातही हा पर्याय कधी कधी दिसत नाही. अशा वेळी प्रथम फोनची आज्ञावली अद्ययावत करावी. मनोऱ्यावरील चौथ्या पिढीच्या कॉलची, म्हणजे ‘व्होल्टी’ची सोयही चालू असल्याची खात्री करावी, कारण दोन्ही सेवा कंपनीच्या एकाच यंत्रणेवर आधारलेल्या आहेत.

अँड्रॉइड फोनात बहुधा ‘सेटिंग्ज’, मग ‘नेटवर्क अँड इंटरनेट’, मग ‘सिम्स’ या क्रमाने गेल्यास ‘वाय-फाय कॉलिंग’ सापडते. सॅमसंगच्या फोनात ते ‘कनेक्शन्स’ या सदराखाली असते. आयफोनात ‘सेटिंग्ज’मधील मोबाईल सेवेच्या सदरात ते मिळते. फोनात दोन सिम असतील तर प्रत्येकासाठी कळ स्वतंत्रपणे चालू करावी लागते. एकाचीच कळ चालू करून दुसऱ्या क्रमांकावरून कॉल लागत नाही म्हणून खोळंबणारे पुष्कळ असतात.

सोय खरोखर चालते की नाही, हे पाहण्याची एक सोपी कसोटी आहे. फोन विमान-स्थितीत टाकावा, म्हणजे मनोऱ्याशी असलेला संबंध पूर्ण तुटतो. मग केवळ वाय-फाय पुन्हा चालू करावे. मिनिटभरात पडद्याच्या माथ्यावर कंपनीच्या नावापुढे ‘वाय-फाय’ हा शब्द किंवा लहरींसह दूरध्वनीचे चिन्ह उमटले, आणि कॉल लागला, तर मांडणी बरोबर झाली असे समजावे. कसोटीनंतर विमान-स्थिती काढून टाकण्यास विसरू नये.

दोष आणि त्यांची कारणे

कळ चालू असूनही फोन मनोऱ्यावरूनच बोलतो, अशी तक्रार पुष्कळदा ऐकू येते. हा बहुधा दोष नसतो. मनोऱ्याची लहर चांगली असताना फोन तिलाच पसंती देतो. काही फोनांत वाय-फायला अग्रक्रम देण्याचा पर्याय असतो.

घरी चालणारी सोय कार्यालयात किंवा वसतिगृहात चालत नसेल, तर तेथील इंटरनेटच्या पहारेकरी यंत्रणेकडे पाहावे. वर सांगितलेला बोगदा इंटरनेटच्या भाषेत ५०० आणि ४५०० या क्रमांकांच्या द्वारांतून जातो. व्यवस्थापकाने ती बंद ठेवली असतील तर संकेतस्थळे उघडतात पण कॉल जोडला जात नाही. ती उघडून देणे त्याच्याच हाती असते.

आवाज तुटत असेल तर कारण बहुधा घरातच असते. मनोऱ्याच्या लहरींचे पट्टे सरकार कंपन्यांना लिलावाने देते आणि त्यांत दुसऱ्या कोणाला शिरता येत नाही. वाय-फायचे तसे नाही. त्याचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भारतात २००५ साली परवानामुक्त झाला. तो सार्वजनिक रस्त्यासारखा सर्वांना खुला आहे, आणि म्हणूनच तेथे गर्दी आहे. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे मार्ग व्यवहारात तीनच मिळतात, आणि मोठ्या इमारतीत दहा-वीस राउटर त्यांवरच धावत असतात. मायक्रोवेव्ह भट्टीही याच पट्ट्यात लहरी सोडते. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गर्दी कमी, पण त्या लहरी भिंतींत लवकर क्षीण होतात. तेव्हा राउटर कपाटामागे अथवा कोपऱ्यात न ठेवता घराच्या मध्यभागी, उंचावर ठेवावा. त्याच खोलीत ५ गिगाहर्ट्झ व दूरच्या खोलीत २.४ गिगाहर्ट्झ, असा वापर करून पाहावा.

बोलत बोलत घराबाहेर पडल्यास कॉल तुटतो की नाही, हे बाहेर काय उपलब्ध आहे यावर अवलंबून असते. चौथ्या पिढीचा मनोरा असेल तर कॉल सहसा अलगद त्यावर जातो. केवळ दुसऱ्या पिढीची जुनी लहर असेल तर तो बहुधा तुटतो.

कोठे विसंबू नये

जुना तारेचा दूरध्वनी घरात वीज नसतानाही चालत असे, कारण त्याला लागणारा सुमारे ४८ व्होल्टचा अल्पसा विद्युत्‌प्रवाह त्याच तारेने विनिमय-केंद्रातून येई. मनोऱ्यांनाही बॅटरीचा आधार असतो. वाय-फाय कॉल मात्र घरातील वीजपुरवठ्यावर उभा आहे. वीज गेली की राउटर आणि काचतंतूच्या तारेचे जोडयंत्र दोन्ही मिटतात, आणि ज्या घरात मनोऱ्याची लहर मुळीच पोहोचत नाही त्या घराचा जगाशी संबंध त्या क्षणी संपतो. पावसाळ्यातील वादळी रात्र, घरात आजारी माणूस आणि गेलेली वीज, हे तिन्ही एकत्र येणे आपल्या देशात दुर्मीळ नाही. राउटरसाठी बॅटरीचे छोटे आधारयंत्र बाजारात मिळते. ज्यांचा फोन घरात केवळ वाय-फायवरच चालतो त्यांनी ते चैनीचे न मानता गरजेचे मानावे. जोडयंत्रही त्याच आधारावर आहे ना, हे पाहावे. एकट्या राउटरला जिवंत ठेवून उपयोग नाही.

दुसरी मर्यादा आणीबाणीच्या कॉलची. ११२ या क्रमांकावर मनोऱ्यामार्फत कॉल केला तर तो कोणत्या मनोऱ्याच्या परिसरातून आला, एवढे तरी यंत्रणेस ठाऊक असते. वाय-फायवरून येणाऱ्या कॉलच्या बाबतीत असा भरवसा धरता येत नाही. राउटर कोठे आहे याची नोंद दूरध्वनी-कंपनीपाशी असेलच असे नाही. म्हणून मनोऱ्याची क्षीण का होईना लहर मिळत असेल तर आणीबाणीत तिचाच आश्रय घ्यावा. गच्चीवर किंवा खिडकीशी जावे. तसे शक्य नसेल, तर कॉल लागताच काय घडले हे सांगण्यापूर्वी आपण कोठे आहोत ते सांगावे : गाव, रस्ता, इमारत, मजला. बोलणे मध्येच तुटले तरी मदत निघू शकेल एवढी माहिती तोवर पोहोचलेली असेल. घरातील मुलांना व वृद्धांना हा क्रम आधीच शिकवून ठेवावा. तसेच घरातील कोणत्या जागी मनोऱ्याची लहर सापडते, हे निवांत वेळी एकदा शोधून सर्वांना दाखवून ठेवावे.

वाय-फाय कॉलिंग ही मनोऱ्याला पर्याय म्हणून नव्हे, तर त्याची उणीव भरून काढण्यासाठी निघालेली सोय आहे. ज्या घरात मनोरा आणि तार या दोन्ही वाटा खुल्या आहेत, तेथे ती केवळ आवाजाची स्पष्टता वाढविते. ज्या घरात एकच वाट खुली आहे, तेथे ती वाट वीज, राउटर आणि तार यांपैकी कशामुळे बंद पडू शकते, हे जाणून तिची तरतूद करणे हे घरातील प्रत्येकाचे काम ठरते.