चिमणीच्या दाण्याची सोय

आजचा विषय लहान आहे. घरातल्या टाकाऊ वस्तूंतून पाखरांसाठी दाण्याचे भांडे कसे करावे, एवढेच सांगायचे आहे. पण लहान विषयामागेही एखादा मोठा प्रश्न उभा असतो, तसा तो येथेही आहे.

सातारा-सांगलीकडच्या माणसाला चिमणीची ओळख पुस्तकातून झालेली नाही. कौलारू घराच्या वळचणीला, आढ्याच्या सांदीत, भिंतीवरच्या तसबिरीमागे तिचे घरटे असे. बायका सुपात धान्य पाखडत, त्यातली कणी अंगणात पडे. बाजारात हमालाच्या आकड्याने पोत्याला भोक पडे आणि सांडलेल्या दाण्यावर चिमण्यांचा थवा उतरे. हमालांच्या संघटनेचे काम करताना हे दृश्य मी वर्षानुवर्षे पाहिले आहे. आता साताऱ्याच्या पेठांतले आणि सांगलीच्या गावभागातले कितीतरी वाडे पडून तेथे सिमेंटच्या इमारती झाल्या. त्यांच्या सपाट भिंतींत सांद उरत नाही. धान्यही निवडून, पिशवीत बंद होऊन घरी येते. कामगाराच्या भाषेत सांगायचे तर चिमणीची चाळ गेली आणि रोजगारही गेला.

याची जाण अनेकांना झाली आहे. नाशिकचे महंमद दिलावर यांच्या पुढाकाराने 2010 सालापासून 20 मार्च हा दिवस जागतिक चिमणी दिन म्हणून पाळला जातो. 2012 साली दिल्ली राज्याने चिमणीला आपला राज्यपक्षी ठरवले. पण दिवस पाळल्याने पोट भरत नाही. ते भरायला दाणा लागतो. म्हणून आता कृतीकडे वळू.

पाण्याची एक लिटरची रिकामी बाटली घ्या. ती धुऊन पूर्ण वाळवा. तेलाची बाटली शक्यतो घेऊ नका, कारण तेलकटपणा पिसांना लागला की पाखराचे हाल होतात. बाटलीच्या तळापासून बोटभर उंचीवर, चारी बाजूंना पेन्सिल जाईल एवढी चार भोके पाडा. खिळा तापवून लावला की प्लास्टिकला भोक सहज पडते. आता जुन्या डब्याचे सहा-सात इंच रुंदीचे, काठ असलेले झाकण घ्या. ते उलटे, म्हणजे ताटलीसारखे धरा. झाकणाच्या मध्याला आणि बाटलीच्या तळाला दोन-दोन बारीक भोके पाडून तारेने दोन्ही घट्ट बांधा. पावसाचे पाणी निथळावे म्हणून झाकणाला बाजरीच्या दाण्याहून बारीक अशी चार-पाच भोके आणखी पाडा. पत्र्याची धार राहिली असेल तर ती आत वळवून ठोका. बाटलीच्या गळ्याला सुतळी बांधा, वरून दाणे भरा आणि बूच लावा. झाले काम. खर्च म्हणाल तर सुतळीचा.

हे चालते कसे? भोकातून दाणे झाकणात ओघळतात आणि त्यांचा लहानसा ढीग होतो. ढीग भोकाच्या उंचीला आला की तोच भोक बुजवतो आणि ओघ थांबतो. चिमण्यांनी ढीग खाल्ला की भोक मोकळे होते व पुढचे दाणे येतात. जेवढे खाल्ले तेवढेच वाढले जाते. आठ इंचांहून मोठे झाकण मात्र लावू नका, नाहीतर त्यावर पारवे ठाण मांडतात. मुंबईत 2025 साली कबुतरखान्यांवरून केवढा वाद झाला, ते आपण वाचले आहे.

दाणा कोणता घालावा? बाजरी, राळा, तांदळाची कणी आणि भरडलेली ज्वारी. माण-खटावचा किंवा जतचा शाळू घरी असेल तर त्याचे अख्खे कणीसच टांगा. मिठाचा भात, फरसाण, शिळा पाव घालू नये. भांडे माणसाच्या डोक्याहून उंच, सावलीत आणि मांजराची झेप पोहोचणार नाही असे बांधावे. जवळ एखादे झुडूप असले तर पाखराला धीर येतो. आठवड्यातून एकदा ते रिकामे करून धुवावे, वाळवावे आणि मगच भरावे. ओल्या दाण्याला बुरशी येते आणि घाणेरड्या भांड्यातून एका पाखराचा रोग दुसऱ्याला जातो. धुण्याचा कंटाळा येणार असेल तर भांडे न टांगलेलेच बरे. शेजारी मातीच्या परळात इंच-दीड इंच पाणी ठेवून त्यात एक दगड ठेवावा आणि पाणी रोज बदलावे. चैत्र-वैशाखात दाण्याइतकीच पाण्याची निकड असते.

एवढे करूनही अर्धेच काम होते, हे मला मुद्दाम सांगायचे आहे. मोठी चिमणी दाण्यावर जगते, पण तिची पिले पहिले काही दिवस अळ्या-किड्यांवरच वाढतात. नुसत्या बाजरीवर पिलू जगत नाही. चीनमध्ये 1958 साली चिमण्या धान्य खातात म्हणून त्या मारण्याची मोहीम निघाली. कोट्यवधी चिमण्या मेल्या आणि पिकांवर किडी माजल्या. 1960 साली सरकारला चिमणीचे नाव शत्रूंच्या यादीतून काढून तेथे ढेकणाचे घालावे लागले. दोन दाणे खाणारी चिमणी शेताची किती चाकरी करते, हे हिशेबात कोणी धरलेच नव्हते. चाकरी करणाऱ्याचा हिशेब असाच राहून जातो, हे आम्हा संघटनेच्या माणसांना नवे नाही.

म्हणून दाण्याच्या भांड्याबरोबर दारात जास्वंद, कढीपत्ता, शेवगा असे काहीतरी लावा आणि त्यावर औषध फवारू नका. जुन्या लाकडी खोक्याला सव्वा इंचाचे भोक पाडून तो वळचणीला ठोका. दाणा, पाणी, किडा आणि घर या चारही गोष्टी मिळाल्या तरच चिमणी आपल्या वस्तीत नांदेल. एकट्या दाण्याने ती येईल, खाईल आणि निघून जाईल.

एका घराने हे केले तर एका थव्याची सोय होते. एका आळीतल्या दहा घरांनी केले तर कोणी गावाला गेले तरी दुसऱ्याचे भांडे भरलेले असते. तेव्हा आज घरी गेल्यावर एक बाटली बाजूला काढा आणि शेजाऱ्यालाही एक काढायला सांगा.