एक पाकीट, एक लिटर

पावसाळा लागला की हिंगणघाट, समुद्रपूरकडच्या पोडांवर आणि टोल्यांवर हगवणीचे दिवस येतात. विहिरीत वरचे पाणी उतरते आणि आधी लहान लेकरे आजारी पडतात. अशा वेळी आशाताई जलसंजीवनीचे, म्हणजे ओआरएसचे पाकीट देतात. ते कसे कालवायचे आणि तसेच का, हे समजायला शाळेतल्या विज्ञानाचा एक धडा पुन्हा उघडू या.

पाण्यात मीठ टाकून ढवळले की ते दिसेनासे होते. विरघळणारे मीठ हे द्राव्य, ज्यात ते विरघळते ते पाणी द्रावक, आणि दोन्ही मिळून झाले ते द्रावण. मीठ नाहीसे झालेले नसते. त्याचे अतिसूक्ष्म कण सगळीकडे सारखे पसरलेले असतात, म्हणून वरचा घोट आणि तळचा घोट सारखाच खारट लागतो. वेणा नदीचे पुराचे गढूळ पाणी मात्र द्रावण नव्हे. ठेवले की गाळ खाली बसतो, फडक्याने गाळले की माती अडकते. मीठ फडक्यात अडकत नाही.

लिटरभर पाण्यात सुमारे ३६० ग्रॅम मीठ विरघळू शकते. जलसंजीवनीला लागते फक्त २.६ ग्रॅम! सोबत १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सायट्रेट. म्हणजे सारे विरघळून पाणी नितळ दिसले, एवढ्याने प्रमाण बरोबर ठरत नाही. खरी गोम इथेच आहे. पाकीट पेलाभर पाण्यात कालवले तरी ते तसेच नितळ दिसते.

लोणच्याच्या कैरीला मीठ चोळले की पाणी सुटते, हे प्रत्येक घरी पाहिलेले असते. फार दाट द्रावण आतड्यातही तेच करते: लेकराच्या अंगातले पाणी बाहेर ओढते आणि हगवण वाढते. फार पातळ केले तर गेलेले क्षार भरून निघत नाहीत. प्रमाण बरोबर असले की ग्लुकोज मिठातल्या सोडियमला सोबत घेऊन आतड्यातून रक्तात शिरते आणि त्यांच्यामागे पाणी जाते. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ आली, सलाईन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच तत्त्वावर साखर-मिठाचे पाणी पाजून असंख्य जीव वाचवले.

पाणी आधी उकळून थंड करा, मग पाकीट टाका. कालवल्यावर उकळायचे नाही, कारण वाफ पाण्याची होते, क्षार भांड्यातच राहतात आणि द्रावण दाट होते. पाकिटावर लिहिलेले माप बघा. बहुतेक पाकिटे एक लिटरची असतात, काही छोटी २०० मिलिलिटरचीही मिळतात. मोठे पाकीट अर्धे टाकून अर्धे ठेवू नका, आतली पूड एकसारखी मिसळलेली असेलच असे नाही. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात साखर सहा सपाट छोटे चमचे, मीठ अर्धा सपाट छोटा चमचा. मीठ अंदाजाने टाकू नये.

प्रत्येक जुलाबानंतर दोन वर्षांखालील बाळाला ५० ते १०० मिलिलिटर, चमच्याचमच्याने. अंगावरचे दूध चालूच ठेवा. उरलेले द्रावण २४ तासांनी फेकून द्या. लेकरू सुस्त पडले, डोळे खोल गेले, पिणेच बंद झाले किंवा शौचात रक्त दिसले, तर घरी थांबू नका. वाटेत पाजत पाजत दवाखाना गाठा.