काचेमागची चिप

आपल्या मंडळातल्या एका मित्राने निवृत्त झाल्यावर एक उद्योग मनावर घेतला आहे. नाशिकला एकट्या राहणाऱ्या आईसाठी औषधांची पेटी बनवायची. वेळ झाली की पेटीवरच्या पडद्यावर मोठ्या मराठी अक्षरांत सूचना यायची, आईने बोट लावलं की गोळी घेतल्याची नोंद व्हायची. जमलं तर इथल्या आणखी चार घरांना ती हवीच आहे. माझा जन्म इलेक्ट्रॉनिक्समध्ये गेलेला, म्हणून त्याने मला विचारलं, "प्रोसेसर कोणता घेऊ? सगळ्यात फास्ट सांग."

मंडळी, वेगाचा प्रश्न सगळ्यात शेवटी यावा असं माझं मत आहे. आधी पडदा बघावा. सात इंची पडद्यावर साधारण ८०० गुणिले ४८० ठिपके असतात, म्हणजे ३,८४,०००. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला दोन बाइट धरले तर एका चित्राला ७,६८,००० बाइट लागतात. अशा कामासाठी लोकप्रिय असलेल्या एसटीएम३२-एफ४२९ या चिपमध्ये पडदा चालवायची सोय आहे, पण पोटातली मेमरी २५६ किलोबाइट. एका चित्राच्या एक तृतीयांश! मग बाहेरून मेमरीची वेगळी चिप जोडा, बोर्ड मोठा करा, खर्च वाढवा. तेच ३२० गुणिले २४० चा छोटा पडदा घेतला तर दीड लाख बाइटमध्ये भागतं. पण ऐंशी पार केलेल्या डोळ्यांना तो पुरेल का, हे चिप बनवणारा सांगणार नाही.

दुसरी गोष्ट आपल्या मराठीची, आणि ती इंग्रजी पुस्तकांत सहसा सापडत नाही. इंग्रजीत एकापुढे एक अक्षर ठेवलं की काम झालं. 'दिवस' लिहिताना मात्र संगणक आधी 'द' साठवतो, मग वेलांटी. पडद्यावर वेलांटी आधी यायला हवी. 'रात्री'मधले त आणि र एकत्र आले पाहिजेत. ही जुळवाजुळव करणारा हार्फबझ नावाचा प्रोग्रॅम फुकट मिळतो आणि लिनक्सवर तयारच असतो. छोट्या चिपवर तो बसवता येतो, पण ते हौशी माणसाचं काम नव्हे. तो नसेल तर 'रात्‌री' असं पाय मोडलेलं मराठी दिसतं, आणि वेलांटी पुढच्या अक्षराला चिकटते. औषधाच्या पेटीवर हे चालणार नाही.

मग सरळ लिनक्सवाला मोठा प्रोसेसर घ्यावा? आपल्यापासून तासाभराच्या वाटेवर, केंब्रिजला, रास्पबेरी पायची मंडळी आहेत. त्यांच्या बोर्डातली आर्म जातीची चिपही मूळ केंब्रिजचीच. एकॉर्न कंपनीत सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी तिची रचना केली आणि पहिली चिप १९८५ च्या एप्रिलमध्ये चालू झाली. ब्लेचलीच्या संगणक संग्रहालयात मुलांना नेलंत तर एकॉर्नचे बीबीसी मायक्रो दाखवा, ते या घराण्यातले थोरले. हा मार्ग सोपा खरा. पण लिनक्स जागं व्हायला वेळ घेतं, आणि लिहिता लिहिता वीज गेली तर मेमरी कार्डावरची माहिती बिघडू शकते. नाशिकला लाइट जाणारच, हे धरून चालायला हवं. छोटी चिप वीज आली की क्षणात उभी राहते.

तिसरा प्रश्न पुरवठ्याचा. आठवत असेल, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले प्राध्यापक आणि एन्कोर सॉफ्टवेअर यांनी मिळून २००१ मध्ये सिम्प्युटर दाखवला होता. गरिबांसाठी, भारतीय भाषांत चालणारा, स्पर्शाच्या पडद्याचा हातातला संगणक. त्यात इंटेलची २०६ मेगाहर्ट्झची स्ट्राँगआर्म चिप होती, तेव्हा उत्तम निवड. पण इंटेलने २००२ पासून एक्सस्केल हे नवं घराणं पुढे आणलं आणि २००६ मध्ये तो धंदाच मार्वेल कंपनीला विकला. सिम्प्युटर मागे पडण्याची कारणं अनेक, सगळा दोष चिपला देता येणार नाही. तरीही पाच वर्षांत पायाखालची जमीन कशी सरकते ते यात दिसतं. २०२१ च्या टंचाईत आमच्या ऑफिसातही चिप मिळेना म्हणून दोन बोर्ड नव्याने आखावे लागले. तेव्हा उत्पादन किती वर्षं चालू ठेवणार, हे कंपनीकडून आधी लेखी बघावं. रास्पबेरी पायच्या कंप्यूट मॉड्यूल ४ साठी किमान जानेवारी २०३४ पर्यंतचं आश्वासन आहे.

इतकं ऐकून मित्र म्हणाला, "अरे, पण तू सांगतोस काय? घेऊ कोणती?"

आमचं ठरलं ते असं. पेटीवरची वाक्यं मोजून पंधरा. ती इथे घरच्या संगणकावर नीट, सुबक अक्षरांत काढायची आणि चित्रं म्हणून पेटीत साठवायची. औषध बदललं तर नवं चित्र इथून पाठवायचं. जुळवाजुळव मिल्टन कीन्सला, पेटी नाशिकला नुसती चित्र दाखवणार! मग छोटी चिप आणि बाहेरची थोडी मेमरी पुरे. काच मात्र फोनसारखी नको, दाबावर चालणारी हवी. म्हाताऱ्या माणसांची कोरडी बोटं फोनच्या काचेला कधी कधी कळतच नाहीत, दाबाच्या पडद्याला नखही चालतं.

आईंना फोनवर विचारलं तर त्यांची एकच अट होती. 'घेतली' हे बटण मोठं पाहिजे, आणि 'नाही घेतली' असं बटण मुळीच नको.